बाबांचा पाय गेला. मधुमेहात अशी वेळ नेमकी किती जणांवर येते?

कृष्णाकाठचा

बाबांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला त्याला आज एकोणीस दिवस झाले. परवा टाके निघाले. आता जरा उसंत मिळालीय म्हणून लिहायला बसलोय.

आमचं गाव वाळवा तालुक्यात. बाबा एकसष्ट वर्षांचे, शेती करतात. शुगर निघून अकरा वर्षं झाली, दोन गोळ्या चालू. दीड महिन्यापूर्वी एका संध्याकाळी ते रानातून आले आणि आईला पडवीतल्या फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. चप्पल उलटी केली तर बाभळीचा काटा तळातून आरपार गेलेला, आतल्या बाजूला नखाएवढा वर आलेला. त्यावर बाबा दिवसभर चालले होते. दुखलं नाही का विचारलं तर म्हणाले, "छ्या, कळलंच नाय." आम्ही हसलो. मी फोनवर मित्राला कौतुकानं सांगितलंसुद्धा, आमचा म्हातारा बघ कसला खमक्या आहे.

काटा उपटला. चुलत्यांनी रीतसर बिब्ब्याचा चटका दिला. पाचव्या दिवशी चवडा सुजला, म्हणून तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेलं. तिथं अकरा दिवस ड्रेसिंग झालं, इंजेक्शनं झाली. "शुगर आहे ना? गोळ्या चालू ठेवा," एवढंच बोलणं. तपासली कुणी नाही. ड्रेसिंगला वास यायला लागला तेव्हा मी पुण्याहून गेलो आणि रातोरात मिरजेला हलवलं. शुगर ४१२. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, पू पोटरीपर्यंत चढलेला. पहिल्या रात्री बोटं काढली, चौथ्या दिवशी पाय.

दोन प्रश्न आहेत. मधुमेह असलेल्यांत किती जणांचे पाय असे जातात? आणि बाबांचा वाचला असता का? दुसऱ्याचं उत्तर खरं द्या, मला बरं वाटावं म्हणून देऊ नका.

अबोली_क

वाचून पोटात कालवलं. काकांना लवकर उभं राहायचं बळ मिळो.

एक विचारू? तुमच्या आईंनाही शुगर आहे का? सहजच विचारतेय. आमच्याकडे दोघांनाही होती, आणि सासऱ्यांच्या दुखण्यात सासूबाईंकडे सहा महिने कुणी बघितलंच नाही.

सुरीकाका

मी सर्जन आहे. जिल्ह्याच्या गावी तीस वर्षं काढली, आता काम कमी केलंय. तुम्ही खरं उत्तर मागितलंत म्हणून सांगतो. पाय न बघता, लिहिलेल्यावरून बोलतोय हे धरून चाला. मिरजेला पोचेपर्यंत पू पोटरीत गेला होता म्हणता, तर त्या रात्री आणि त्यानंतर तिथल्या लोकांनी जे केलं ते बहुधा जीव वाचवण्यासाठी केलं. पाय वाचवायचे दिवस त्याच्या आधीचे. काटा निघाला तो दिवस, आणि सूज आली तो पाचवा दिवस. त्या दिवशी जखम उघडून, धुऊन, आत काय आहे ते बघितलं असतं, शुगर आवरली असती, तर बरीच शक्यता होती.

आता हे का होतं ते. लोक म्हणतात शुगरमुळे पाय सडला. साखर काही पाय खात नाही. आधी नसा जातात, म्हणजे संवेदना जाते. सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून, मोजा चढावा तशी. मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, मग एक दिवस ते थांबतं आणि पेशंट खूश होऊन सांगतो, "डॉक्टर, आता बरंय, काही होत नाही." काही होत नाही हेच तर दुखणं! त्याच नसांच्या बिघाडानं घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात, तिथून जंतू शिरतात. पायाचे बारीक स्नायू लुळे पडून बोटं आकड्यासारखी वळतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. तिथं घट्टा धरतो. घट्ट्याखाली रक्त साकळतं, वरून काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठा. गुडघ्याखालच्या रोहिण्या अरुंद होतात. अशा पायाला जखम झाली की भरायला लागणारा माल पोचतच नाही. तिसरा जंतुसंसर्ग, तो शेवटचा धक्का देतो.

मधुमेहात जे पाय कापले जातात त्यातल्या दर १०० पैकी सुमारे ८५ जणांना आधी साधी जखम झालेली असते. छाला, काटा, नवीन चपलेचा चावा, नख काढताना लागलेलं ब्लेड. म्हणजे सूचना मिळालेली असते.

काटा दिवसभर टोचून कळला नाही, हे त्या घरातलं पहिलं निदान होतं. अकरा वर्षांत कुणी त्यांना "चप्पल काढा, पाय बघू" म्हणालं होतं का?

कृष्णाकाठचा

नाही काका. एकदाही नाही. दर तीन महिन्यांनी शुगर तपासायची, गोळ्या लिहून घ्यायच्या, परत. चपला दाराबाहेरच निघायच्या, तरी पाय कुणी बघितले नाहीत.

भागाकार

पहिल्या प्रश्नाबद्दल. दर सांगताना कशाला कशानं भागलंय ते आधी विचारायचं. 'दर तीस सेकंदाला जगात कुठेतरी मधुमेहामुळे एक पाय कापला जातो' हे वाक्य २००५ पासून फिरतंय, त्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं मधुमेही पायावर अंक काढला होता. पोस्टरसाठी उत्तम वाक्य. आपला प्रश्न मात्र त्यानं सुटत नाही.

अमेरिकेचा आकडा बघा. २०१८ साली मधुमेह असलेल्या प्रौढांत बोट किंवा पाय कापल्याच्या सुमारे १ लाख ५४ हजार नोंदी रुग्णालयांतून झाल्या, म्हणजे दर हजारी ६.८. यात नुसतं बोट काढलेलेही आले आणि मांडीतून पाय गेलेलेही आले. ही पहिली मेख. बोट वेळेवर काढून पाय वाचवला तर तोही या आकड्यात एक 'कापणं' म्हणून मिळतो.

भारतात अशी राष्ट्रीय नोंदवहीच नाही. वर्षाला ४५ हजार पाय, हा अंदाज वैद्यकीय लेखांतून पुन्हा पुन्हा येतो, काही जण लाखाचा सांगतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे २०२३ साली छापलेले आकडे घेतले तर देशात मधुमेही १० कोटी १० लाख. ४५ हजार भागिले ते, दर हजारी अर्ध्याहून कमी. अमेरिकेचा पंधरावा हिस्सा. म्हणजे आपण पाय वाचवण्यात अमेरिकेच्या पंधरापट हुशार? पेढे वाटायला हरकत नाही!

मांडवीतीर

त्याच पाहणीत मधुमेहात आमचें गोंय पयलें. २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. चारातल्या एकाहून जास्त माणसाला. पेढे नकोत.

मँचेस्टरची_माई

भागाकार, उपहास कळला, पण त्यात थोडं तथ्य खरंच आहे. मी इथे परिचारिका आहे, गेली चौदा वर्षं पायांच्या क्लिनिकमध्ये.

इंग्लंडच्या वायव्य भागात मधुमेहींच्या पायांची एक मोठी पाहणी झाली होती, २००५ साली छापून आली. वयाचा फरक काढून टाकल्यावर गोऱ्यांत पायाला व्रण असलेले किंवा आधी होऊन गेलेले ५.५ टक्के निघाले, आणि आपल्याकडच्या, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेशच्या लोकांत १.८ टक्के. मधुमेह आपल्यात कितीतरी जास्त, पण पायाचे व्रण तिपटीनं कमी. कारण शोधलं तर या लोकांत नसांचा बिघाड आणि रोहिण्यांचं अरुंद होणं दोन्ही कमी आढळलं. हे सगळे इथे राहणारे, बूट-मोजे घालणारे, वर्षातून एकदा पाय तपासले जाणारे लोक होते, हे लक्षात ठेवा.

दुसरं सांगते ते इंग्लंडमधल्याच इप्सविच गावचं. तिथल्या रुग्णालयानं एक साधं काम केलं. पाय बघणारे सगळे एका छपराखाली आणले (मधुमेहाचे डॉक्टर, सर्जन, पोडियाट्रिस्ट म्हणजे पावलांचे तज्ज्ञ, बूट बनवणारा), आणि प्रत्येक कापलेला पाय वर्षानुवर्षं मोजत गेले. १९९५ ते २००५ या अकरा वर्षांत घोट्याच्या वर कापलेल्या पायांचं प्रमाण तिथल्या लाख लोकसंख्येमागे ७.४ वरून २.८ वर आलं. बोटं काढण्याचं प्रमाण मात्र किंचित वाढलं. वर भागाकार म्हणतात ती मेख हीच. बोटं वाढली आणि पाय घटले, तर ते यश.

माझ्या क्लिनिकमध्ये पहिलं वाक्य एकच असतं, "मोजे काढा." आपल्याकडच्या बायका लाजतात. पाय पुढे करायला नको वाटतं, "पायांना हात नका लावू हो" म्हणतात, वर मलाच नमस्कार करतात.

निसर्गपुत्र

ॲलोपॅथीवाल्यांना कापण्यापलीकडे काही येत नाही. माझ्या माहितीत एकाचा काळा पडलेला पाय लेप आणि काढ्यानं दीड महिन्यात बरा झाला. गोळ्या बंद करून. व्यनि (खासगी निरोप) करा, पत्ता देतो.

सुरीकाका

काळं पडलेलं बोट वाळून आपोआप गळतं, तेही बघितलंय मी. कोरडा गँगरीन. लेप लावा नाहीतर लावू नका, गळणार ते गळतंच, आणि श्रेय ज्याचा लेप असेल त्याला मिळतं. ओल्या गँगरीनला मात्र दीड महिना मिळत नाही, तो दिवसांत माणूस संपवतो. गोळ्या बंद करायला सांगणारा पत्ता इथे कुणाला नको. व्यनितही नको.

संपादक मंडळ

औषधोपचाराचे पत्ते देणारे पुढचे प्रतिसाद काढले जातील.

अबोली_क

आमच्या सासऱ्यांचं सांगते. त्यांचा पाय वाचला, दोन बोटांवर भागलं. त्यांना काटाबिटा काही नाही, गरम पाण्याची पिशवी. थंडीचे दिवस, पाय गार पडले म्हणून सासूबाईंनी प्रेमानं पायाशी पिशवी ठेवली. सकाळी तळव्याला पुरणपोळीएवढा फोड. त्यांना रात्रभर समजलं नाही.

आणि माझ्या मावशीचे नवरात्रातले अनवाणी नऊ दिवस. यंदा तिची शुगर कळल्यावर मी म्हटलं, मावशी यंदा राहू दे. केवढी रागावली! म्हणे पंचवीस वर्षांत देवीनं कधी काटा टोचू दिला नाही. मी म्हटलं टोचला असेल, तुला कळलं नसेल. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

रानवेडी

अबोली, देवीवर असं बोलायची गरज नव्हती. श्रद्धा असते एकेकाची.

अबोली_क

देवीवर नाही गं, मावशीच्या तळव्यावर बोलले.

वर्धेकर

हा धागा वाचताना मला सारखी लहानपणीची आठवण येतेय. माझे वडील दत्तपूरच्या कुष्ठधामात नोकरीला होते (मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेलं, वर्ध्याजवळ). तिथे सुट्टीत जायचो. एक आजोबा होते, चुलीतला निखारा हातानं उचलून विडी पेटवायचे. आम्हा पोरांना ते जादूगार वाटायचे. त्यांच्या हातांना बोटं का नव्हती, याचा त्या निखाऱ्याशी संबंध आहे हे वडिलांनी फार नंतर समजावलं. 'खमक्या म्हातारा' वाचलं आणि तेच आजोबा आठवले.

कुष्ठरोगानं बोटं झडतात असा समज होता. तो मोडण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा वाटा मोठा. जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनरी घरातला. १९४६ साली वेल्लोरला आले. बोटं झडत नाहीत, वेदना गेल्यामुळे माणूस ती स्वतःच्या नकळत झिजवतो, भाजतो, कापतो, हे त्यांनी दाखवलं. काहींची बोटं रात्रीतून गायब व्हायची त्याचाही शोध घेतला, तर उंदीर! झोपेत उंदीर कुरतडायचे आणि माणसाला जाग यायची नाही. मग बरं होऊन घरी जाणाऱ्याबरोबर मांजर द्यायची पद्धत सुरू झाली. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथे लक्षात आलं की मधुमेहींच्या पायाचं दुखणं हेच आहे. कुष्ठरोग्यांच्या पायावर शिकलेलं सगळं मग मधुमेहींच्या कामी आलं. पायाला घट्ट बसणारं प्लास्टर, ज्यानं जखमेवरचा भार पसरतो. आणि तो नायलॉनचा बारीक तंतू, १० ग्रॅमचा, तळव्याला टेकवून 'कळतंय का' विचारतात तो.

एमसीआरच्या चपला म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, मऊ आतला तळ, कडक बाहेरचा तळ, मागे पट्टा. कुष्ठधामांतून अशा चपला कितीतरी वर्षं बनतायत. मधुमेही माणसाला 'त्या' चपला घ्या म्हटलं की तोंड वाकडं होतं, कारण लोक काय म्हणतील. माझ्या सख्ख्या भावाचं झालं. आता बऱ्या डिझाइनच्या मिळतात.

सुरीकाका

वर्धेकर, उंदराचं खोटं वाटेल कुणाला, पण मधुमेहींतही बघितलंय मी. दोनदा. पावसाळ्यात, जमिनीवर झोपणारी माणसं. सकाळी अंगठ्याचं टोक नाही आणि अंथरुणाला रक्त.

संत्रानगरी

आमच्या नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचं नाव इथे यायला हवं. मधुमेही पायावर आयुष्यभर काम केलं. २००४ च्या सुमारास भारत आणि टांझानियात 'स्टेप बाय स्टेप' नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात ते होते. कल्पना अशी की गावोगावचा एक डॉक्टर आणि त्याच्याच दवाखान्यातली एक नर्स, अशा जोडीला एकत्र शिकवायचं. घट्टा कसा काढायचा, तंतू कसा टेकवायचा, कुठला पाय आपण बघायचा आणि कुठला त्याच दिवशी पुढे पाठवायचा. अडतं सगळं त्या शेवटच्या गोष्टीवर. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी याच विषयासाठी सर्जन मंडळी जोडली. म्हणजे आपल्याकडे माहीत नाही असं नाही. तालुक्यापर्यंत झिरपलं नाही.

भागाकार

+१. आणि हे एकदा झिरपलं की कायमचं राहतं असंही नाही. अमेरिकेत २००० ते २००९ मध्ये मधुमेहींतलं कापण्याचं प्रमाण वय जुळवून दर हजारी ५.३८ वरून ३.०७ वर आलं होतं. सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. मग २०१५ पर्यंत ते परत ४.६२ झालं. वाढ कुणात? तरुण आणि मध्यमवयीन लोकांत, आणि जास्त करून बोटांची. (माझा वरचा ६.८ आणि हा ४.६२ एकमेकांशेजारी ठेवू नका, मोजायची रीत वेगळी आहे. कुणीतरी ठेवणारच, म्हणून आधीच सांगतो.)

युरोपनं १९८९ मध्ये इटलीतल्या सेंट व्हिन्सेंटला जाहीरनामा काढला होता, पाच वर्षांत गँगरीनमुळे पाय कापणं निम्म्यावर आणू. त्यांना निदान निम्मं कशाचं करायचं ते माहीत होतं.

एकपायी_प्रवासी

कृष्णाकाठचा, मी सहा वर्षांपूर्वी बाबांच्या जागी होतो. उजवा, गुडघ्याखालून, वय ५४. आकडे वाचून झाले असतील तर आता कामाचं ऐका, कारण पुढचे तीन महिने महत्त्वाचे.

गुडघा राहिलाय, हे फार मोठं आहे. तो जपा. गुडघ्याखाली उशी ठेवू नका. सगळे प्रेमानं ठेवतात, बरं वाटतं, आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. मग नकली पाय बसत नाही. माझ्या बायकोच्या हातातून फिजिओथेरपीवाल्या पोरीनं उशी अक्षरशः हिसकावून घेतली होती. दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवा. स्टंपला, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाला, क्रेप बँडेज कसं बांधायचं ते शिकून घ्या, आठाच्या आकड्यात, खाली घट्ट वर सैल. उलटं बांधलं तर टोक फुगतं.

नसलेल्या पायाला खाज येईल, करंगळी मुरगळल्यासारखी दुखेल. बाबांना वेड लागलं असं समजू नका आणि त्यांनाही समजू देऊ नका. रात्री झोपेत उठून दोन पायांवर उभं राहायला जातील, मी गेलो होतो, कपाळाला चार टाके. पलंगाला एक कठडा लावा.

पाय कुठे मिळेल: पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९४४ साली लष्करासाठी सुरू झालं, पण सिव्हिलियन लोकांनाही करून देतात. मुंबईला हाजी अलीची अपंग पुनर्वसनाची संस्था. आणि जयपूर फूट आहेच, १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी बनवलेलं, आजही फुकट मिळतं, शिबिरं लागतात. शेतकरी माणसाला माझं मत जयपूरच्या बाजूनं. चिखलात चालतो, मांडी घालता येते, अनवाणी दिसतो. फक्त जखम पूर्ण भरल्याशिवाय आणि टोकाचा आकार बसल्याशिवाय घाई नको.

आणि दुसरा पाय. आता तो दोघांचा भार घेणार. माझी बायको रोज रात्री टॉर्च घेऊन माझा तळवा बघते, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. आमच्या लग्नात पाय इतके बघितले नव्हते कुणी.

अवांतर: डाव्या पायाचे सात नवे कोरे बूट झिजवून झाले, उजव्या पायाचे सात नवे कोरे पडून आहेत. ९ नंबर. कुणाला डावा नसेल तर कळवा.

टिकलू

@एकपायी, हसावं का रडावं कळेना. दंडवत.

कृष्णाकाठचा

प्रवासीकाका, उशी काढली. खरंच ठेवली होती. बाबांना तुमचा बुटांचा किस्सा वाचून दाखवला, एकोणीस दिवसांत पहिल्यांदा हसले.

उजवा पाय कसा तपासायचा ते कुणी सांगाल का? इथे तो तंतू कुणाकडे नाही.

मँचेस्टरची_माई

तंतू नसला तरी चालतं. इप्सविचच्याच लोकांनी बिनसाधनाची रीत काढलीय, २०११ च्या सुमारास. माणसाला झोपवा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद टेकवा, फुंकर पडावी इतपत, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, टिचकी मारायची नाही. कळलं की त्यानं 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायचं. दोन्ही पायांची अंगठा, मधलं बोट, करंगळी, अशी सहा ठिकाणं (बाबांची तीनच, तीनही कळली पाहिजेत असं धरा). कळलं नाही तर परत हात लावून 'आता कळलं का' विचारायचं नाही, तिथेच चूक होते. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी आहे.

शिवाय डॉक्टरांकडे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढून घ्या. ०.९ च्या खाली आलं तर रक्तपुरवठा कमी. पण मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती चुन्यानं कडक होतात, त्यामुळे आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. १.३ च्या वर आला तर आनंदी होऊ नका, डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाची तपासणी) करायला सांगा.

सुरीकाका

माईंना दुजोरा. आणि इथल्या सगळ्यांसाठी, कुणाच्या घरी पाय काढायची गोष्ट निघाली आणि जीवावर बेतलेलं नसेल, तर एकच विचारा: रक्तवाहिनी तपासली का? अडथळा अँजिओप्लास्टीनं उघडता येत असेल तर पाऊलभर जाणारं बोटभर जातं. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू द्या.

बिब्बा घरातून बाहेर काढा. चुलत्यांना दोष देऊ नका, पिढ्यान्‌पिढ्या देत आले, आणि ज्याला चटका कळतो तो पाय मागे घेतो. ज्याला कळत नाही त्याच्या पायाला खोल भाजतं. कुरूप कापायच्या पट्ट्याही तशाच, आम्लानं आजूबाजूची कातडी खातात.

कृष्णाकाठचा

चार दिवसांनी लिहितोय.

रविवारी बाबांचा उजवा पाय तपासला. अंगठा कळला, मधलं कळलं नाही, करंगळी कळली नाही. अपेक्षित होतं.

मग अबोलीताईंचा पहिला प्रतिसाद आठवला. त्याला मी उत्तरच दिलं नव्हतं. आईला शुगर आहे, आठ वर्षं. गोळी घेते, बाबांच्या गोळ्यांबरोबर तिचीही पुडी येते, एवढंच आम्हाला माहीत. तिला म्हटलं झोप जरा. "मला काय झालंय?" म्हणत झोपली. डोळे मिट म्हटलं. मी उजव्या अंगठ्याला बोट टेकवलं. गप्प. मला वाटलं झोप लागली. डाव्या करंगळीला लावलं, गप्प. मधल्या बोटाला लावलं तेव्हा 'डावा' म्हणाली. सगळं झाल्यावर विचारते, "चालू कर की आता." सहांपैकी दोन कळली होती.

टाचा बघितल्या. एका भेगेत रुपयाचं नाणं उभं राहील. उजव्या चवड्याला घट्टा, त्याच्या मधोमध काळा ठिपका.

सुरीकाका

काळा ठिपका म्हणजे घट्ट्याखाली साकळलेलं रक्त असू शकतं. घरी ब्लेड लावू नका. याच आठवड्यात न्या, पायाचं काम करणाऱ्या माणसाकडेच न्या. ताप, लाली, सूज, वास यातलं काहीही दिसलं तर आठवडा नाही, त्याच दिवशी. तोवर अनवाणी एक पाऊल नाही, घरातसुद्धा.

अबोली_क

दादा, बरं झालं बघितलंत. माझ्या सासूबाईंचं आम्हाला उशिरा कळलं होतं.

कृष्णाकाठचा

काल मिरजेला दाखवून आणलं. घट्टा तासून काढला, खाली लहान जखम निघाली, हाडापर्यंत नाही. रक्तपुरवठा चांगला आहे म्हणाले. जखमेवर भार नको म्हणून सध्या वेगळा बूट दिलाय, ती भरली की एमसीआरची चप्पल, ५ नंबर. तीन आठवड्यांनी परत बोलावलंय, पुढे दर दोन महिन्यांनी.

आता भांडण घरातल्या चपलेवरून. आई म्हणते, पन्नास वर्षांत स्वयंपाकघरात चप्पल घालून कुणी आलं नाही. बाबा पलंगावरून म्हणाले, "घाल गं. माझ्याकडं बघ आन् घाल." शेवटी घरातली जोडी वेगळी, ती अंगणात न्यायची नाही, रोज धुवायची, आणि देवघराच्या उंबऱ्याशी काढायची, आत जाड सतरंजी टाकून ठेवायची, एवढ्यावर तह झाला.